आपल्या दिव्यातली अणुवीज

मी मुंबईच्या उपनगरातून, मुलुंडहून बोलते आहे. बचत गटांच्या बैठका घेणं, वह्या तपासणं, बँकेत खेपा घालणं हे माझं रोजचं काम. आज विषय जरा वेगळा आहे, अणुवीज. नाव ऐकून रेडिओ बंद करू नका. हा विषय शास्त्रज्ञांचा असला तरी जमीन, मासळी आणि बिल या तीन वाटांनी तो आपल्याच घरात येतो.

आधी बिलापासून सुरुवात करू, कारण ते आपल्याला ओळखीचं आहे. आमच्या मसाल्याच्या गटाकडे कांडप यंत्र आहे, शिलाईच्या गटाकडे चार मोटारवाली मशिनं. दोन्ही गटांचा महिन्याचा सगळ्यात मोठा खर्च कच्चा माल आणि त्याखालोखाल वीज. अंधेरी, बोरिवलीकडे बहुतेक घरांना खासगी कंपनीची वीज येते. मुलुंड-भांडुपला मात्र महावितरणची, म्हणजे तुमच्याकडे येते तीच. त्या एका बाबतीत आम्ही मुंबईकर तुमच्याच पंगतीला बसतो. बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार असं काय काय लिहिलेलं असतं. पण ही वीज कोणत्या गावाहून आली, हे मात्र त्यावर लिहिलेलं नसतं.

तर ती कुठून येते? देशात तयार होणारी वीज आपण शंभर रुपये धरू. त्यातले सत्तरपेक्षा जास्त रुपये कोळशाचे. उरलेल्यात धरणांचं पाणी, ऊन, वारा, थोडा गॅस. आणि अणुवीज? फक्त तीन रुपयांच्या आसपास. फ्रान्ससारख्या देशात हेच शंभरातले साठ-सत्तर असतात. आपल्याकडे सात ठिकाणी अणुवीज केंद्रं चालतात : महाराष्ट्रात तारापूर, गुजरातेत काक्रापार, राजस्थानात रावतभाटा, उत्तर प्रदेशात नरोरा, कर्नाटकात कैगा आणि तामिळनाडूत कल्पक्कम व कुडनकुलम. सगळ्यांची मिळून ताकद आठ हजार मेगावॅटच्या वर. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारनं सांगितलं, की २०४७ पर्यंत ही एक लाख मेगावॅट करायची. म्हणजे दहापटीहून जास्त. ती वाढ कुणाच्या तरी किनाऱ्यावर, कुणाच्या तरी शेतात उभी राहणार, म्हणून हा विषय आत्ताच समजून घ्यायचा.

आता अणुभट्टीत होतं काय ते सांगते. फार अवघड नाही. चुलीवर पाणी उकळलं की वाफ होते. कुकरची शिट्टी वाफेच्या जोरानं उडते. तीच वाफ मोठ्या पंख्यावर सोडली की पंखा फिरतो, पंख्याला जोडलेलं जनित्र फिरतं आणि वीज तयार होते. कोळशाच्या केंद्रात हेच होतं, अणुकेंद्रातही हेच. फरक फक्त सरपणाचा. इथं कोळसा जळत नाही, युरेनियम नावाच्या धातूचे अणू फुटतात आणि फुटताना प्रचंड उष्णता सोडतात. आपल्या देशी बनावटीच्या भट्टीत एक किलो युरेनियम ढोबळमानानं तीस-चाळीस टन कोळशाचं काम करतं. म्हणजे तीन-चार ट्रक कोळसा एका बाजूला आणि ओंजळीत मावेल एवढा धातू दुसऱ्या बाजूला. धूर नाही, राख नाही.

आणखी एक गुण आहे. सौरवीज दिवसा, वारा त्याच्या मर्जीनं. अणुभट्टी एकदा पेटली की रात्रंदिवस एकसारखी चालते. गॅसच्या शेगडीसारखी पटकन लहान-मोठी ती करत नाहीत; वीटभट्टीसारखी एकदा लावली की लावली. गटात कसं, कुणी सुगीला एकदम पैसे भरते, कुणी सणाला, पण दर महिन्याला ठरलेली रक्कम भरणारी एखादी असते, तिच्या भरवशावर हिशोब चालतो. ग्रिडमध्ये अणुवीज ही तशी आहे.

महाराष्ट्रातली गोष्ट तारापूरची. मुंबईपासून साधारण शंभर किलोमीटर, पालघर जिल्ह्यात, समुद्राकाठी. त्याआधीची थोडी हकिकत मुंबईतलीच. तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, डॉ. होमी भाभांच्या पुढाकारानं ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही आशियातली सुरुवातीची अणुभट्टी सुरू झाली. भट्टीच्या पाण्यात निळा प्रकाश दिसे, तो पाहून पंडित नेहरूंनी हे नाव दिलं. ती भट्टी संशोधनाची, विजेची नव्हे. आज त्या संस्थेला भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणतात, आणि घाटकोपरहून रिक्षानं जाता येईल इतक्या अंतरावर ते आहे. अणुभट्टी म्हणजे कुठलीतरी लांबची गोष्ट, असं आम्हा उपनगरातल्या बायांना म्हणता येत नाही.

तारापूरचे पहिले दोन संच अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या आराखड्याचे. १९६९ च्या ऑक्टोबरात ते चालू झाले. भारतातलं हे पहिलं अणुवीज केंद्र, आणि त्याची वीज महाराष्ट्र व गुजरातला मिळू लागली. प्रत्येक संच मुळात २१० मेगावॅटचा, पुढे १६० वर आणला. १९७४ साली पोखरणला अणुचाचणी झाली, तेव्हा अमेरिकेनं इंधन देण्यात हात आखडता घेतला; मग फ्रान्स, चीन, रशिया असं ज्याच्याकडून मिळेल त्याच्याकडून आणत भट्टी चालवली. सरपण दुसऱ्याच्या रानातलं असलं की असं होतं. पुढचे दोन संच, तीन आणि चार क्रमांकाचे, आपल्याच लोकांनी बांधले. ते प्रत्येकी ५४० मेगावॅटचे. एक २००५ ला, दुसरा २००६ ला सुरू झाला. त्यांना साधं, आपल्या खाणीतलं युरेनियमही चालतं. त्या खाणी झारखंडात जादूगुडा भागात आहेत, आदिवासींच्या मुलखात. तिथल्या बायांचं ऐकायचं तर वेगळा भाग करावा लागेल.

या दोन नव्या संचांचा हिशोब मी गटाच्या वहीत मांडला होता. दोन्ही मिळून १०८० मेगावॅट. पूर्ण ताकदीनं चोवीस तास चालले तर दिवसाला सुमारे दोन कोटी एकोणसाठ लाख युनिट. महिन्याला शंभर युनिट वापरणारं घर धरलं तर सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर लाख घरांचं काम भागेल. भट्ट्या वर्षभर अशा पूर्ण चालत नाहीत, मध्ये दुरुस्ती असते, आणि ही वीज एकट्या महाराष्ट्राची नाही, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगडलाही तिचा वाटा जातो. तरीही केवढी मोठी रक्कम आहे पाहा. ‘तीनच रुपये’ म्हणून हसण्यासारखी नाही.

पण वहीला जमा बाजू असते तशी नावे बाजूही असते. ती वाचताना मी जरा हळू जाणार आहे.

तीन-चार क्रमांकाच्या संचांसाठी समुद्राकाठची अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. लोकांना नव्या ठिकाणी वसवलं. पुनर्वसनातल्या घरांबद्दल, नोकऱ्यांबद्दल, सोयींबद्दल गावकरी वर्षानुवर्षं भांडत राहिले, मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. किनाऱ्यावरच्या गावाला नुसतं घर देऊन भागत नाही. होडी लावायला बंदर लागतं, जाळी सुकवायला मोकळी जागा लागते, बोंबील वाळवायला वलांड्या लागतात. बोंबील वाळवणं, मासळी विकणं हे बायांचं काम. ते कुठल्याही सातबाऱ्यावर नसतं, म्हणून भरपाईच्या कागदावरही येत नाही. जमीन गेली तर चेक निघतो, तोही बहुतेक घरांत पुरुषाच्या नावानं. डोक्यावर पाटी घेऊन बाजारात जाणाऱ्या बाईचा धंदा बसला तर कुठल्या रकान्यात लिहायचा?

समुद्राचंही तेच. भट्टीतल्या उष्णतेतली साधारण एक तृतीयांशच विजेत जाते. उरलेली समुद्राच्या पाण्यात सोडावी लागते. त्यासाठी समुद्राचं पाणी आत घेतात आणि गरम करून परत सोडतात. किती अंश गरम सोडायचं याला मर्यादा आहे. तरी काठची मासळी सरकते, असं कोळी बांधव सांगतात. शिवाय सुरक्षेसाठी केंद्रासमोरच्या पाण्यात होड्या नेता येत नाहीत. वळसा घालायचा तर डिझेल लागतं, आणि डिझेलचे पैसे कुणाच्या पदरचे?

एका प्रदर्शनात आमच्या स्टॉलशेजारी डहाणूकडच्या गटाच्या बाया चिकूच्या फोडी आणि लोणचं घेऊन आल्या होत्या. त्यातल्या एका मावशींनी मला विचारलं, “तुमच्याकडे लाईट जातच नाही का गं?” मी म्हटलं, मावशी, क्वचित जाते. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रिड बिघडलं आणि अख्खी मुंबई बंद पडली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तर देशभर बातमी झाली. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे गेली तर बातमी नाही होत.” खरं आहे. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्राच्या खेड्यांत रोज कित्येक तास भारनियमन असायचं, तुमच्यातल्या अनेकींनी कंदिलात पोरांचे अभ्यास घेतलेत. मुंबई त्यातून वगळलेली होती. आता पालघर जिल्ह्याचाच नकाशा पाहा. तारापूरचं अणुकेंद्र तिथं. मुंबई उपनगरांना वीज देणारं डहाणूचं ५०० मेगावॅटचं कोळशाचं केंद्रही तिथं. आणि जव्हार-मोखाड्याच्या कितीतरी पाड्यांवर दिवा पोचला तो सगळ्यात शेवटी. मी ज्या दिव्याखाली हे भाषण लिहिलं त्यात पालघरचा वाटा असेल, म्हणून हे बोलणं मला भाग आहे.

आता भीतीबद्दल. गटात सगळ्यात आधी हाच प्रश्न येतो : अणुवीज तारेतून आली तर तिच्यातून किरण येतात का? नाही. तारेत आल्यावर वीज ती वीज, धरणाची काय, अणूची काय, दिव्याला कळतही नाही. किरणोत्सर्ग असतो तो भट्टीच्या आत, इंधनात आणि वापरून झालेल्या इंधनात. या वापरलेल्या इंधनाला आपण राख म्हणू, पण चुलीच्या राखेसारखी ती उकिरड्यावर टाकता येत नाही. आधी काही वर्षं पाण्याच्या खोल हौदात ठेवतात. मग त्यातला कामाचा भाग वेगळा काढतात आणि उरलेला घातक भाग काचेत मुरवून बंद डब्यांत ठेवतात. हे काम तारापूर आणि तुर्भे इथंही चालतं. त्यातले काही पदार्थ हजारो वर्षं घातक राहतात. आपल्या नातवंडांच्या नातवंडांना ते डबे सांभाळावे लागणार, ही गोष्ट कुणी गोड करून सांगितली तरी खरीच आहे.

अपघाताचं काय? १९८६ साली चेर्नोबिल झालं. पण आपल्याला जास्त जवळचं उदाहरण जपानचं आहे. ११ मार्च २०११ ला भूकंप झाला, भट्ट्या बरोबर बंद पडल्या. पण कुकरखालचा गॅस बंद केला तरी आतली डाळ बराच वेळ रटरटत राहते ना, तशी भट्टी बंद केल्यावरही आतली उष्णता चालूच राहते. ती घालवायला पंपानं पाणी खेळवत ठेवावं लागतं. त्सुनामीच्या लाटेनं पंपांची वीजच गेली, इंधन वितळलं, फुकुशिमाच्या परिसरातून दीड लाखांहून जास्त माणसांना घरं सोडावी लागली. तिथली सगळ्यात जुनी भट्टी त्याच कंपनीच्या आराखड्याची आणि साधारण त्याच काळातली, जसे तारापूरचे पहिले दोन संच. म्हणून त्यानंतर तारापूरची पुन्हा तपासणी झाली आणि पुढे हे जुने संच दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद ठेवले गेले. तारापूरला पन्नास वर्षांत फुकुशिमासारखं काही घडलेलं नाही, हेही त्याच वहीत लिहायला हवं. आणि कोळशाच्या राखेनं, धुरानं देशात रोज किती छात्या भरतात, ते कुठल्या बातमीत येत नाही म्हणून ते नाहीच असं समजू नये.

नवं केंद्र यायचं म्हटलं की काय होतं ते रत्नागिरी जिल्ह्यानं पाहिलं. राजापूर तालुक्यात माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे अशा गावांची मिळून सुमारे ९३८ हेक्टर जमीन जैतापूर प्रकल्पासाठी घेतली. फ्रेंच बनावटीच्या सहा भट्ट्या, ९९०० मेगावॅट. आंबा-काजूवाल्यांनी बराच काळ चेक घेतले नाहीत. साखरी नाट्याच्या मच्छीमारांची जमीन जात नव्हती, तरी तेच सगळ्यात पुढे होते, कारण त्यांचं शेत म्हणजे समुद्र. एप्रिल २०११ मध्ये तिथं आंदोलनावर गोळीबार झाला आणि एका माणसाचा जीव गेला. नंतर भरपाई वाढवली, बऱ्याच जणांनी ती घेतली. जमीन जाऊन इतकी वर्षं झाली, भट्टी अजून उभी नाही.

माझं मत विचाराल तर, जी केंद्रं चालू आहेत ती नीट राखून चालवावीत. कोळसा कमी करायचा तर रात्रीच्या विजेला काहीतरी हवंच. पण नवं केंद्र आणताना ‘देशाला वीज हवी’ या एका वाक्यावर गावाला गप्प बसवू नये. ज्यांच्या घरी भारनियमन त्यांनीच जागा द्यायची, हा व्यवहार कुठल्याही गटाच्या बैठकीत मंजूर झाला नसता.

तर कामाचं बोलू. असा कुठलाही मोठा प्रकल्प, अणूचा असो की बंदराचा, पर्यावरण परवानगीच्या आधी जनसुनावणी होते. तिची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा. तो ग्रामपंचायतीत, तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात मागा. सुनावणीत बायांनी बोलायला हवं आणि बोललेलं नोंदलं गेलं का, ते इतिवृत्तात पाहायला हवं. तोंडी सांगण्याबरोबर लेखी निवेदन द्या, पोच घ्या.

२०१३ चा भूसंपादन कायदा, जो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला, त्यातल्या दोन गोष्टी पाठ करून ठेवा. एक : ‘बाधित कुटुंब’ म्हणजे फक्त जमीनमालक नव्हे. त्या जमिनीवर राबणारे मजूर, कुळं, आणि जंगलावर किंवा पाण्यावर पोट असलेले लोक, मच्छीमारसुद्धा, यात येतात. मात्र आधीची तीन वर्षं तोच मुख्य धंदा असल्याचं दाखवावं लागतं. दुसरी : विधवा, घटस्फोटित आणि टाकलेली बाई हिला वेगळं कुटुंब मानायचं आहे. दिराच्या नाहीतर भावाच्या नावाखाली तिला झाकता येत नाही. पण सर्वेक्षणाला येणारा माणूस हे विचारेलच असं नाही. यादी लागते तेव्हा आपलं नाव आपणच बघायचं.

मासे विकणाऱ्या, वाळवण करणाऱ्या बायांच्या गटांना एक खास सांगणं. तीन वर्षांचा धंदा दाखवायचा कशानं? बाजाराच्या पावत्या, बर्फाची बिलं, सोसायटीचं सभासदत्व आणि आपली गटाची वही. कर्ज कशासाठी घेतलं त्या रकान्यात आपण आळसानं ‘घरखर्च’ लिहून मोकळ्या होतो. तिथं ‘मासळी खरेदी’ लिहा, ‘बोंबील वाळवण’ लिहा. उद्या तीच वही पुरावा होईल. आणि ज्यांच्या घरी जमीन आहे त्यांनी सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर आपलं नाव लावून घ्या. त्यासाठी १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे; नवऱ्याची संमती लागते, तलाठ्याकडे अर्ज द्यायचा.

तारापूरच्या आसपास राहणाऱ्या मैत्रिणींसाठी शेवटचं. केंद्रापासून सोळा किलोमीटरपर्यंतची गावं आणीबाणीच्या आराखड्यात धरलेली असतात. अपघात झाला तर काय करायचं, कुठं जमायचं, आयोडीनच्या गोळ्या कुणाकडे असतील, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली ठरतं आणि त्याची रंगीत तालीमही होते. पुढच्या ग्रामसभेत सरळ विचारा : आमचं गाव त्यात आहे का? मागची तालीम कधी झाली, बायांना त्यात कुणी बोलावलं होतं? दुपारी तान्हं घेऊन, गुरं सोडून घरात कोण असतं, हे तालुक्याच्या कागदावर लिहिलेलं आहे का? उत्तर लेखी मागा आणि गटाच्या इतिवृत्तात चिकटवून ठेवा.

पुढच्या भागात आपण विजेचं बिल ओळीनं वाचणार आहोत. आपापलं एकेक बिल हाताशी ठेवा, जुनं चालेल.